समोरच्या घरातला नाला

माझं म्हणणं इतकंच होतं की जे पाणी दर पावसाळ्यात आमच्या घरात शिरतं, ते खरं म्हणजे समोरच्या घाटोळ्यांच्या घरात जायला हवं. यात माझी कोणाबद्दल वाईट इच्छा नव्हती. मी फक्त इतिहासाच्या बाजूने बोलत होतो.

आधी भूगोल सांगून टाकतो, कारण पुढे तो माझ्याच हातून फार बिघडणार आहे. आमची नागपुरातली गल्ली सरळसोट दक्षिणोत्तर. उत्तरेच्या टोकाला मारुतीचं देऊळ. दक्षिणेच्या टोकाला बगीचा, आणि त्या बगीच्यात लोखंडी जाळी घातलेली एक जुनी विहीर, जिच्यात आमच्या ले-आउटमधली पोट्टी आपापले चेंडू घालवून मोठी झाली. गल्लीच्या पूर्वेला मी, अनंत दफ्तरदार, कोराडीच्या वीज केंद्रातल्या अकाउंट सेक्शनमधून रिटायर झालेला. पश्चिमेला, आमच्या फाटकासमोर फाटक, जितेंद्र घाटोळे. त्याचं जरीपटक्यात टाइल्सचं दुकान आहे. मला काका म्हणतो, सणासुदीला पाया पडतो, आणि स्कूटर माझ्या फाटकाला टेकवून लावतो.

तर या जितेंद्रनं आपल्या आईसाठी, शोभाताईंसाठी, घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत एक खोली बांधली. शोभाताईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन रामदासपेठेत झालं, डॉक्टरांनी जिना बंद केला, आणि त्यांचं झोपणं वरच्या मजल्यावरून खाली आणावं लागलं. इथवर कोणाला काही म्हणायला जागा नाही. पण खोली झाली आणि त्याच पावसाळ्यात पाणी आमच्या दिवाणापर्यंत आलं. त्याच्या आदल्या वर्षीही आलं होतं आणि त्याच्या आदल्या वर्षीही, हे चारुशीलेनं माझ्या वेळोवेळी लक्षात आणून दिलं. चारुशीला माझी बायको. पण ज्याला तर्क करायचा असतो त्यानं सगळंच आठवून कसं चालेल. माझा तर्क असा, की पूर्वी एक नाला घाटोळ्यांच्या प्लॉटमधून जात होता, त्या खोलीनं तो अडवला, आणि बिचारं पाणी रस्ता ओलांडून आमच्याकडे आश्रयाला येतं.

हा तर्क मी मधुसूदनला ऐकवला. मधुसूदन टेलिफोन खात्यातून रिटायर झाला आणि तेव्हापासून अर्ज करतो. रस्त्यावरचा दिवा, कुत्री, शेजारच्या मंगल कार्यालयाचा बँड, कशावरही त्याचा अर्ज तयार असतो. आमच्या ले-आउटमध्ये सल्ला हवा असेल तर मागावा लागत नाही. नको असेल तर मात्र घराबाहेर पडायची सोय नाही. मधुसूदननं डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की तोंडी तर्कानं खोली हलत नाही, कागद पाहिजे, आणि कागद जितका जुना तितका अधिकारी उभा राहून वाचतो. तेव्हा जुना नकाशा आण.

इथे माझ्या आडनावाचा संबंध येतो. भोसल्यांच्या अमदानीत आमचे पूर्वज सरकारी दफ्तर सांभाळायचे. ही गोष्ट मी गणपतीत, लग्नांच्या पंगतीत आणि एकदा दंतवैद्याकडे तोंड उघडं असताना सांगितलेली आहे. मोडी लिपी तर आमच्या रक्तातच आहे, असंही मी म्हणत असे. आता रक्तात असलेली गोष्ट वाचता आलीच पाहिजे असं थोडंच आहे. माझ्या रक्तात साखरही आहे, ती वाचायला लॅब लागते.

मी जुन्या नकाशांच्या सरकारी दफ्तराचा पत्ता काढला आणि गेलो. माझी कल्पना होती की आत जायचं, आमच्या गल्लीचा जुना नकाशा द्या म्हणायचं, आणि जेवायला घरी यायचं. तिथल्या बाई फार सभ्य होत्या. त्यांनी एक फॉर्म दिला. त्यात संशोधनाचा विषय विचारला होता. मी लिहिलं, घाटोळे. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा फॉर्म दिला. मग मी 'मौजा पिंपळझरी येथील जलप्रवाहांचा ऐतिहासिक अभ्यास' असं लिहिलं, कारण ले-आउट पडण्याआधी आमच्याकडे शेतं होती आणि त्या मौजाचं नाव पिंपळझरी होतं, एवढं घराच्या कागदांवर आहे. मार्गदर्शकाच्या नावापुढे मधुसूदनचं नाव घातलं. विषय लिहून झाल्यावर मी जरा ताठ बसलो. कोराडीला आयुष्यभर बसमधून धक्के खात गेलेल्या माणसाला संशोधक म्हणवून घेताना काय वाटतं, ते ज्यानं धक्के खाल्ले त्यालाच कळेल.

पण पिंपळझरी सापडेना. म्हणजे सापडत होती, फारच सापडत होती. नागपूर एके काळी सीपी अँड बेरारची राजधानी, त्यामुळे इथे बिलासपूरपासून बऱ्हाडापर्यंत सगळ्या मुलखाचे कागद, आणि पिंपळ आणि झरा दोन्ही नसलेलं गाव जुन्या लोकांना बहुधा वसवताच येत नव्हतं. पहिली पिंपळझरी आली ती छिंदवाड्याकडची निघाली. दुसरी कुठली होती ते मला अजून समजलेलं नाही, पण तिच्यावर मी बरेच दिवस मन लावून काम केलं. विहीर जुळली, देऊळ जुळलं, नालाही मला पाहिजे तसा जात होता, फक्त मधोमध एक टेकडी होती. आमच्या ले-आउटमध्ये टेकडी नाही. तरी मी दोन संध्याकाळ गल्लीत फिरून ती शोधली. लोकांनी विचारलं, काय हरवलं. टेकडी, असं सांगता येईना.

या दिवसांत घरात एक बदल झाला. मी रोज डबा घेऊन दफ्तरात जायला लागल्यावर चारुशीलेनं रामदासपेठेतल्या एका वाचनालयात दुपारचा मोडीचा वर्ग लावला. मी हसलो. ती शांतपणे म्हणाली की तुमच्या रक्तात आहे, माझ्या नाही, मला शिकावं लागेल. त्यानंतर संध्याकाळी ती डायनिंग टेबलावर पाटी घेऊन अक्षरं गिरवायची आणि मी पेपरमागे तोंड घालून बसायचो.

शेवटी आमची पिंपळझरी आली. कापडावर चिकटवलेला, चहाच्या रंगाचा एक भला मोठा नकाशा. बाईंनी तो हळूच टेबलावर पसरला आणि मला हात धुऊन यायला सांगितलं. मी धुऊन आलो आणि आधी नमस्कार केला. देऊळ होतं, त्यावर झेंडा काढला होता. विहीर होती, गोल. आणि त्या दोघांना जोडणाऱ्या पायवाटेच्या एका अंगानं, सापासारखी वळणं घेत, निळी रेघ गेली होती. नाला. मला भडभडून आलं. नकाशावर जागोजागी मजकूर होता आणि तो सगळा मोडीत होता, एका दमात लिहिलेला, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखा. बाई म्हणाल्या, मोडी वाचणारं कोणी हवं असेल तर आमच्याकडे नावं आहेत. मी त्यांना माझं आडनाव सांगितलं.

फोटो काढायला मनाई होती. नक्कल मिळणार होती, पण तिची मंजुरी वरून यायची होती, आणि इकडे मधुसूदन रोज फोन करून सांगत होता की पावसाळ्याआधीची नालेसफाई निघायच्या आत अर्ज गेला पाहिजे. बाईंनी एक सवलत दिली. नकाशावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून वर बटर पेपर ठेवायचा आणि मऊ पेन्सिलीनं गिरवायचं. मी गिरवलं. देऊळ, विहीर, पायवाट, नाला, आणि मोडीची अक्षरं, एकूणएक वेलांट्यांसकट. अर्थ कळत नसला की माणूस फार प्रामाणिकपणे गिरवतो.

घरी येऊन मी कागदाची गुंडाळी उलगडली, कोपऱ्यांवर मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या ठेवल्या आणि ठेवणीतल्या पेनानं सगळ्या रेषांवर शाई फिरवली. बटर पेपरमधून रेषा छान दिसत होत्या. मग पेन्सिल खोडायला गेलो तर ती खोडली जाईना. कितीही घासा, होती तशीच. हल्ली खोडरबरात दम राहिलेला नाही, असं म्हणून मी ते सोडून दिलं. आज तो क्षण आठवला की मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात, पण ते पुढे येईल.

आता नकाशा जमिनीशी जुळवायचा. मधुसूदन आला. मी उत्तर वर धरली होती, त्यानं कागद फिरवला. म्हणाला, कुठलंही चांगलं काम पूर्वेकडे तोंड करूनच करायचं असतं. म्हणून आम्ही दोघं पूर्वेकडे तोंड करून बसलो, तर नाला भिंतीत गेला. मोबाइलवरचं होकायंत्र लावलं, ते फ्रिजकडे उत्तर दाखवू लागलं. फ्रिजपासून लांब गेलो तर उत्तर बाथरूममध्ये गेली. मधुसूदनचं होकायंत्र माझ्या होकायंत्राकडे बोट करत होतं. तेवढ्यात जिन्यावरून चाललेल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं, कोणी न विचारता, उत्तर नेहमी सूर्याच्या उलट बाजूला असते असं सांगितलं, आणि आम्ही तेही थोडा वेळ करून पाहिलं.

शेवटी माझीच अक्कल चालली. दिशा गेल्या खड्ड्यात. देवळावर देऊळ ठेवायचं, विहिरीवर विहीर, की मधली पायवाट म्हणजे आमची गल्ली. मग नाला ज्या बाजूला पडेल ती त्याची बाजू. ठेवून पाहिलं. नाला पश्चिमेला पडला. घाटोळ्यांच्या फाटकातून आत, आणि थेट शोभाताईंच्या खोलीखालून पार. मधुसूदननं माझा हात हातात घेतला. आम्ही त्या दिवशी पुन्हा चहा केला.

मग आम्ही गल्लीतल्या लोकांची सभा मारुतीच्या देवळात बोलावली. नकाशा मी गाभाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवला आणि भोसल्यांपासून सुरुवात केली. लोक ऐकत होते. जितेंद्र दुकान लवकर बंद करून आला होता, मागे उभा होता. माझं झाल्यावर तो पुढे आला, नकाशाजवळ जाऊन त्यानं नाल्याशेजारच्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि साध्या आवाजात विचारलं, "काका, इथं काय लिहून हाय?"

सगळं देऊळ माझ्याकडे पाहत होतं. मागच्या रांगेत चारुशीला होती. माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो की तेव्हा खरं बोलणं सगळ्यात सोपं असतं, आणि नेमकं तेव्हाच त्याला आपले पूर्वज आठवतात. मी चष्मा पुसला आणि वाचलं. "सरकारी हुकूम. सदर नाला बारमाही असे. यास कोणी आडकाठी करू नये." शेवटी 'मोर्तब सुद' म्हणालो. देवळात कोणीतरी चक् असा आवाज केला. जितेंद्रनं मान हलवली आणि बोट काढून घेतलं.

एरवी महापालिकेच्या आमच्या झोन ऑफिसात मधुसूदनचे अर्ज निवांत झोपा काढतात. हा अर्ज मात्र नालेसफाईच्या मोहिमेत बरोबर सापडला. पूर्वजांच्या नकाशाची प्रत जोडलेली, वर संशोधकाची सही. आठवड्याच्या आत कनिष्ठ अभियंता आला, माझा नकाशा पाहून खूश झाला, देवळापासून विहिरीपर्यंत टेप टाकला, आणि शोभाताईंच्या खोलीच्या नव्याकोऱ्या भिंतीवर लाल रंगाची फुली मारून गेला. खोली रिकामी करा, म्हणाला, पंधरवड्यात माणसं येतील.

मी जिंकलो होतो. माझ्या मनात मी असं धरून चाललो होतो की जिंकल्यावर जितेंद्र भांडेल, मी समजूतदारपणे ऐकून घेईन, आणि मग मोठ्या मनानं काहीतरी तोडगा सुचवीन. तो भांडलाच नाही. फाटकाशी भेटला तेव्हा म्हणाला, "तुमच्या पुरखाईनं लिहून ठेवलं तं मी खोटं काहून म्हणू, काका? माह्या बापानं तं पावतीबी जपून नाही ठेवली." आणि स्कूटर माझ्या फाटकाला न टेकवता आपल्या भिंतीला लावली. हे मला फार लागलं. मी ती स्कूटर किती वर्षं सहन केली होती.

त्याच संध्याकाळी शोभाताईंकडून सांबारवडी आली. दर वर्षी येते, कोथिंबिरीच्या वड्या केल्या की पहिला घाणा आमच्याकडे. या वर्षी येणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. आली, आणि गरम होती. कढीसकट. मी एक खाल्ली आणि दुसरी उचलून परत बशीत ठेवली. चारुशीलेला म्हटलं, तेल जास्त झालंय. तिनं माझ्यापुढची बशी उचलून नेली. तिचं न बोलणं मला कोणत्याही लिपीत वाचता येतं.

नकाशा मी बैठकीच्या खिडकीच्या काचेवर लावून ठेवला होता. उजेड मागून आला की रेषा सोन्यासारख्या उठायच्या. येणाजाणाऱ्याला दर्शन व्हावं हा हेतू. सकाळी चारुशीला बाहेर ओट्यावर कपडे वाळत घालत होती आणि मी आत चहा पीत होतो. ती हातात माझा ओला सदरा घेऊन खिडकीसमोर थांबली. बराच वेळ थांबली. मग काचेच्या पलीकडून तिचे ओठ हलताना दिसले. वर्गात अक्षरं लावून वाचतात तसे.

"अहो," ती म्हणाली, "बाहेर या जरा. बाहेरून वाचता येतंय."

मी बाहेर गेलो. मला काहीच समजेना. तिनं काचेवर बोट ठेवून अक्षर अक्षर लावून दाखवलं. आतून जे गवताच्या पेंढीसारखं दिसायचं ते बाहेरून अक्षरं होती. मी तिला म्हटलं, काचेमुळे असेल. ती म्हणाली, काचेमुळे नाही, तुम्ही कागद पालथा घालून शाई फिरवली, म्हणून तर तुमची पेन्सिल खोडली जात नव्हती, ती पलीकडच्या बाजूला होती. मला तरी समजेना. मी आत जाऊन पाहिलं, बाहेर येऊन पाहिलं, पुन्हा आत गेलो. आत असलो की नाला घाटोळ्यांकडे जायचा, बाहेर आलो की आमच्याकडे यायचा. असा पाच-सहा वेळा मी घरात जाऊन आलो आणि प्रत्येक वेळी नाला माझ्या पाठोपाठ आला. देऊळ देवळावर होतं, विहीर विहिरीवर होती, फक्त पूर्व-पश्चिमेची अदलाबदल झाली होती. नाला माझ्या फाटकातून शिरत होता, बैठकीतून दिवाणाखालून जात होता आणि मागच्या भिंतीतून बाहेर पडत होता. दर पावसाळ्यात पाणी जातं अगदी तसाच.

मी विचारलं, त्या अक्षरांत काय लिहिलंय. हुकूम आहे का काही?

"पाणथळ. पेरा होत नाही," चारुशीलेनं वाचलं. "आणि हे आपल्या देवघरापाशी लिहिलंय. बेडूक फार."

मी खाली ओट्यावरच बसलो. मी असा विचार करू लागलो की हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. अधिकारी मोडी वाचत नाही. मधुसूदन वाचत नाही. मूळ नकाशा कपाटात आहे आणि तो मागायला फॉर्म भरावा लागतो, मार्गदर्शकाचं नाव लागतं. खरं सांगितलं तर नाला माझ्या घरात, फुली माझ्या भिंतीवर, आणि देवळात वाचलेला हुकूम माझ्या गळ्यात. या वयात माणूस घर पाडून घेऊ शकतो एक वेळ, पण आडनाव कुठे पाडणार? हे मी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात मोठ्यानं म्हणायची गरज उरत नाही.

"शोभाताईंचा पलंग वर चढवून राहिले आहेत," चारुशीला म्हणाली. "मी आत्ता पाहिलं." आणि सदरा झटकून दोरीवर टाकला.

मी उठलो. खिडकीतून नकाशा काढला, चपला घातल्या. त्या उलट्या पायांत घातल्या होत्या हे गल्ली ओलांडल्यावर समजलं, म्हणजे त्या दिवशी माझ्यात सगळंच एका धोरणानं चाललं होतं.

घाटोळ्यांचा पलंग सागवानी, जुन्या बांध्याचा. तो जिन्याच्या वळणावर अडकला होता. वरच्या अंगाला दुकानातला माणूस, खालच्या अंगाला जितेंद्र, घामाघूम. शोभाताई खाली खुर्चीत बसून, हळू रे, हळू गा, असं म्हणत होत्या. मी आत शिरलो तसं जितेंद्र म्हणाला, काका, जरा तो पाय धरा. मी नकाशा काखेत मारला आणि पलंगाचा पाय धरला. आता बोलायचं कसं? मी ठरवून आलो होतो की सुरुवात 'तांत्रिक दुरुस्ती' या शब्दांनी करायची. पलंग छातीवर आला आणि ते शब्द गेले.

"खाली घ्या," मी म्हटलं.

"वर न्यायचा हाय, काका."

"खाली घ्या. नाला माझ्या घरात आहे."

पलंग तसाच हवेत. मी एका दमात सगळं सांगितलं, बटर पेपर, पालथी बाजू, खोडरबर, खिडकी. दुकानातला माणूस वरून विचारत होता की पलंग धरू की सोडू. जितेंद्रला नीट समजत नव्हतं, कारण मलाही अजून नीट समजलेलं नव्हतं. तो म्हणाला, पण तुम्ही तर देवळात वाचून दाखवलं होतं.

"मला मोडी येत नाही, जितू. एक अक्षर येत नाही."

"मंग थो हुकूम?" शोभाताईंनी खुर्चीतून विचारलं. "थो कोनाचा होता, अनंतराव?"

"माझाच होता, ताई."

जितेंद्रनं पलंगाचं टोक पायरीवर टेकवलं आणि तिथेच बसला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "दोन दिस झाले, आई धड जेवली नाही. तुमाले सांबारवडी पाठवली थ्या दिवशी बी तिनं सोता नाही खाल्ली." त्याचा आवाज वर गेला नाही, पण त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. मी पलंगाचा पाय धरून उभा राहिलो, कारण सोडला असता तर तो शोभाताईंच्या अंगावर आला असता. त्या दिवशी माझ्या हातून एवढं एक काम सरळ झालं.

मग शोभाताईच म्हणाल्या की आता धरलाच हाय तं खोलीत नेऊन ठेवा, भिंतीला लावू नका, मले उशाला हवा लागते. आम्ही पलंग जिन्यावरून उतरवला आणि फुली मारलेल्या खोलीत नेऊन ठेवला. नकाशा काखेतून कुठेतरी पडला होता. तो मागाहून जिन्याखाली सापडला, आणि दैव बघा, या वेळी सरळ पडला होता.

मधुसूदननं कपाळावर हात मारून घेतला, पण त्यानं दुसरा अर्ज लिहिला. आधीच्या अर्जातील पूर्वेस पश्चिम व पश्चिमेस पूर्व असे वाचावे. कनिष्ठ अभियंता पुन्हा आला, पुन्हा टेप टाकला आणि या खेपेला फुली आमच्या भिंतीवर, नावाच्या पाटीखाली मारली. पण पुढे गाडी अडली. तक्रारदार अनंत दफ्तरदार, अतिक्रमण करणार अनंत दफ्तरदार. अभियंता म्हणाला की कॉम्प्युटर दोन्हीकडे एकच नाव घेत नाही. तुम्ही तक्रार मागे घ्या, नाहीतर घर दुसऱ्याच्या नावावर करा. मी म्हटलं, माझी माझ्याविरुद्ध तक्रार आहे आणि ती मी मागे घेणार नाही. मला तत्त्वाचं काय होतं ते आता आठवत नाही, पण मी चिडलो होतो. फाइल तेव्हापासून तिथेच आहे आणि मधुसूदन दर महिन्याला तिची चौकशी करून येतो, नातेवाइकाची करावी तशी.

जितेंद्र महिनाभर माझ्याशी बोलला नाही. स्कूटर आपल्याच भिंतीला लावायचा. मी येताजाता त्या रिकाम्या जागेकडे पाहायचो. मग मे महिन्यात एका सकाळी तो दुकानातली दोन माणसं आणि घण घेऊन आला, आमच्या मागच्या कुंपणभिंतीत जमिनीलगत एक भोक पाडलं, फाटकाखालची फरशी काढली, आणि दोन्हीच्या मधे अंगणातून टाइल्सचा एक उतार करून दिला. दुकानातल्या उरलेल्या टाइल्स होत्या, त्यामुळे आमचा नाला गुलाबी आहे. मी आभार मानायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, काका, राहू द्या, आता वाचून नका दाखवू. आणि जाताना स्कूटर आमच्या फाटकाला टेकवून गेला.

यंदा जुलैमध्ये दोन दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळलं. उतार झाला म्हणून पाणी पूर्वीइतकं चढलं नाही, पण सवय असलेलं पाणी. थोडं अंगणातून गेलं, थोडं जुन्या ओळखीनं बैठकीत शिरलं. आम्ही दिवाण विटांवर चढवला, आणि शोभाताईंनी निरोप पाठवला म्हणून गल्ली ओलांडून त्यांच्या खोलीत जाऊन बसलो. फुली अजून त्या भिंतीवर पुसट दिसते. शोभाताई पलंगावर, चारुशीला त्यांच्या पायाशी. शोभाताई तिला म्हणत होत्या, काय वं चारू, मले बी शिकव न थे मोडी, दुपार जात नाही. मी खिडकीशी खुर्ची घेऊन चहा पीत होतो. समोर आमचं घर दिसत होतं, आणि फाटकाखालून गढूळ पाणी कोणाला न विचारता, ओळखीच्या माणसासारखं आत जात होतं.

शोभाताईंनी मान उंच करून पाहिलं.

"अनंतराव, तुमच्या घरात पाणी घुसून राह्यलं न बापा."

"जाऊ द्या, ताई," मी म्हटलं. "घर त्याचंच आहे."